ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचा मल्टिप्लायर दोन-तीन आकड्यांनी वाढवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. कॉम्प्युटर चालू होतो, विंडोज उघडतं, सिनेबेंचमध्ये स्कोअर वाढलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं, जमलं! मग काही दिवसांनी गेम मध्येच बंद पडायला लागतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट ८० टक्क्यांवर येऊन थांबतो. कधी निळा स्क्रीन येतो, तर कधी काहीही न सांगता कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. त्यानंतर विंडोज नव्याने टाकलं जातं, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला जातो, रॅम काढून खोडरबराने घासली जाते. एवढं करूनही दोष जिथल्या तिथेच असतो.

मी वसईत राहतो आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ओळखीतले लोक असे कॉम्प्युटर माझ्याकडे घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "व्होल्टेज किती ठेवू?" याचं सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही, कारण एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरसुद्धा सारखे वागत नाहीत. दोष शोधायची पद्धत मात्र सगळ्यांसाठी सारखीच आहे. या लेखात ती पद्धत पाहू, आणि प्रत्येक पायरी का करायची तेही पाहू. आपल्याकडचा उकाडा आणि आपल्याकडची वीज यांचाही हिशोब त्यात धरायचा आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये तो नसतो.

प्रोसेसर अस्थिर होतो म्हणजे काय होतं?

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. हल्लीच्या बहुतेक मदरबोर्डवर मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि मल्टिप्लायर त्याला गुणतो. मल्टिप्लायर ५० असेल, तर १०० गुणिले ५०, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. या वेगाला दोन ठोक्यांमध्ये फक्त ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर जातो.

या ०.२ नॅनोसेकंदात प्रोसेसरच्या आतले ट्रान्झिस्टर एकामागून एक चालू-बंद होऊन पुढच्या ठोक्याच्या आत उत्तर तयार व्हायला हवं. ते वेळेत झालं नाही, तर अर्धवट किंवा जुनं उत्तरच पुढे जातं. अस्थिरता म्हणतात ती हीच.

व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर चालू-बंद होतात, म्हणून ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेजही वाढवतात. पण प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.७ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून तुम्ही ५.० गिगाहर्ट्झ आणि १.३० व्होल्टवर गेलात. वेग वाढला ६ टक्के, वीज वाढली जवळपास २५ टक्के. या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. आणि प्रोसेसर तापला की ट्रान्झिस्टर पुन्हा मंदावतात, म्हणजे ज्यासाठी व्होल्टेज वाढवलं, त्याचा काही भाग उष्णता परत घेते.

म्हणून "क्रॅश होतंय, अजून थोडं व्होल्टेज देऊ" हा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो. त्यापुढे तोच उपाय क्रॅशचं कारण बनतो.

क्रॅशपेक्षा वाईट गोष्ट: चुकीचं उत्तर

क्रॅश झाला की निदान कळतं तरी. चुकलेलं उत्तर पकडलं गेलं नाही, तर काम पुढे चालू राहतं आणि फाइल चुकीची सेव्ह होते. याचं एक चांगलं उदाहरण फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०२१ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं होतं. त्यांच्या डेटा सेंटरमध्ये फाइल्स उघडताना काही फाइल्स गायबच होत होत्या. शोध घेत गेल्यावर एका प्रोसेसरमधला एकच कोर दोषी सापडला. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक विचारला, तर उत्तर १५६ यायला हवं. तो कोर ० देत होता. फाइलचा आकार ० आला की सॉफ्टवेअर ती फाइल रिकामी समजून सोडून द्यायचं. एररही नाही आणि निळा स्क्रीनही नाही.

तिथे ओव्हरक्लॉकिंगचा संबंध नव्हता, तो चिपचाच दोष होता. पण मर्यादेच्या काठावर ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर घरबसल्या याच जातीची चूक करू शकतो. त्यामुळे कॉम्प्युटरवर घरचे फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट, दुकानाचे हिशोब किंवा ग्राहकाचं काम असेल, तर दोष शोधायला बसण्याआधी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्या. खाली सांगितलेल्या चाचण्यांमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम बंद पाडला जातो, आणि असा मध्येच बंद पडताना विंडोजच्या फाइल्सही खराब होऊ शकतात.

पायरी पहिली: मूळ सेटिंगवर परत या

कोडमधला बग शोधताना आम्ही सगळ्यात आधी एक चालू स्थिती शोधतो, जिथे बग नक्की नाही अशी. इथेही तेच करायचं. बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडा. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलही बंद ठेवा. कॉम्प्युटर चालूच होत नसेल, तर वीज पूर्ण काढून मदरबोर्डवरचा 'क्लिअर सीमॉस' जंपर वापरा, किंवा सीआर२०३२ हा गोल सेल काही मिनिटं काढून परत बसवा.

आता ज्या कामात क्रॅश होत होता, तेच काम दोन-तीन दिवस करा.

मूळ सेटिंगवरही क्रॅश होत असेल, तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. रॅम, एसएमपीएस, डिस्क, ड्रायव्हर किंवा खुद्द प्रोसेसर, यांच्यापैकी कुणीतरी आहे. अशा वेळी व्होल्टेजशी खेळत बसणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळ्या बदलत राहणं.

इथे एक मेख आहे. डिफॉल्ट म्हणजे प्रोसेसर कंपनीने सांगितलेलीच मर्यादा, असं नेहमी नसतं. बरेच मदरबोर्ड डिफॉल्टमध्येच विजेच्या मर्यादा सैल सोडतात, म्हणजे बेंचमार्कमध्ये आकडा चांगला येतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर जगभर क्रॅश व्हायला लागले, तेव्हा आधी बोट याच सैल सेटिंगकडे दाखवलं गेलं. पुढे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडच प्रोसेसरसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतलं घड्याळ सांभाळणारं सर्किट अकाली म्हातारं होत होतं. ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून नवा मायक्रोकोड दिला गेला आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जो प्रोसेसर आधीच खराब झालाय, तो अपडेटने बरा होत नाही.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, चाचणी सुरू करण्याआधी बायोस अपडेट करा आणि इंटेलच्या नव्या बोर्डांवर असलेलं 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' हे प्रोफाइल निवडा. दोन, १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा आय७ वा आय९ मूळ सेटिंगवरही क्रॅश होत असेल, तर वेळ न घालवता वॉरंटीचा दावा करा.

पायरी दुसरी: लक्षण नीट वाचा

"हँग होतो" एवढ्याने काही कळत नाही. नेमकं कधी आणि कसं होतं, ते वहीत लिहा. वेगवेगळी लक्षणं वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवतात.

* स्क्रीनवर काहीच येत नाही, फॅन फिरतात आणि कॉम्प्युटर परत परत चालू-बंद होतो: सेटिंग आवाक्याबाहेरचं आहे, बहुतेक वेळा रॅमचं. सीमॉस क्लिअर करा.
* निळ्या स्क्रीनवर 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' किंवा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट': संशय आधी प्रोसेसरवर घ्या. त्या वेगाला व्होल्टेज पुरत नाही, अशी शक्यता मोठी.
* 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा दर वेळी वेगळाच निळा स्क्रीन: आधी रॅम तपासा.
* निळा स्क्रीन नाही, पण एखादंच सॉफ्टवेअर बंद पडतं, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येतो, कोड कंपाइल करताना एकदा एरर येतो आणि दुसऱ्यांदा तोच कोड नीट कंपाइल होतो: हे काठावरच्या अस्थिरतेचं खास लक्षण. तीच फाइल, तोच कोड, पण उत्तर वेगळं. सॉफ्टवेअरचा बग सहसा इतका लहरी नसतो.
* जोराचं काम चालू असताना क्षणात सगळं बंद: एसएमपीएस, प्रोसेसरची पॉवर केबल किंवा अति तापमान. प्रोसेसर फारच तापला की स्वतःला वाचवायला वीज तोडतो.
* जोराच्या कामात ठीक, पण नुसतं ब्राउझर उघडं असताना रीस्टार्ट: रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज कमी केलं असेल तर हे हमखास दिसतं. काम हलकं असताना एखादाच कोर सगळ्यात वरच्या वेगाला जातो आणि तिथे त्याला व्होल्टेज कमी पडतं.

याशिवाय विंडोजचं 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा आणि सिस्टिम लॉगमध्ये 'व्हिया लॉगर' शोधा. इव्हेंट १९ म्हणजे चूक झाली होती, पण हार्डवेअरने ती दुरुस्त केली. क्रॅश झाला नसला तरी ही धोक्याची सूचना आहे. इव्हेंट १८ म्हणजे चूक दुरुस्त झाली नाही. त्यात दिलेल्या एपिक आयडीवरून कोणता कोर दोषी आहे याचाही अंदाज येतो. 'कर्नल पॉवर ४१' मात्र पाहून घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढंच त्यातून कळतं, कारण कळत नाही.

पायरी तिसरी: एका वेळी एकच बदल

मूळ सेटिंगवर सगळं ठीक चालतंय, हे पक्कं झालं की एक एक गोष्ट परत चालू करायची. क्रम असा ठेवा.

१. फक्त रॅमचं प्रोफाइल चालू करा. एक्सएमपी आणि एक्स्पो हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त तयार सेटिंगच्या रूपात दिलेलं. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज फार वर नेत असल्याचं दिसलं. नंतर एएमडीने बायोस अपडेटद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. रॅम तपासायला पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या चारही पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक निघाली, तरी रॅमचा वेग एक पायरी कमी करा. "एकच तर चूक आहे" असं इथे चालत नाही.

२. रॅमचं प्रोफाइल परत बंद करून फक्त प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवा. एका वेळी एकच आकडा. त्यानंतर प्राइम९५ चा 'स्मॉल एफएफटी' टेस्ट लावा. मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर आलेलं उत्तर आधीपासून माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' असा संदेश देऊन एखादा वर्कर थांबला, तर प्रोसेसरने गणित चुकवलं. कॉम्प्युटर चालू राहिला तरी टेस्ट नापासच.

३. टेस्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे बघा: कोरचं तापमान, प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज आणि व्हीआरएमचं तापमान. व्हीआरएम म्हणजे मदरबोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. स्वस्त बोर्डवर प्रोसेसर थंड असतो आणि व्हीआरएम तापून वेग पडतो, असंही होतं.

४. टेस्ट नापास झाली, तर आधी तापमान बघून मग ठरवा. तापमान आटोक्यात असेल, तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवून पुन्हा टेस्ट करा. तापमान आधीच मर्यादेजवळ असेल, तर व्होल्टेज वाढवू नका, मल्टिप्लायर एक आकडा खाली आणा. ही मर्यादा प्रोसेसरनुसार बदलते: १४ व्या पिढीच्या कोअर आय९-१४९००के ला १०० अंश सेल्सिअस, रायझन ९ ७९५०एक्स ला ९५, रायझन ७ ७८००एक्स३डी ला ८९. तुमच्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या पानावर बघा. त्या मर्यादेला प्रोसेसर वेग कमी करतो. ओव्हरक्लॉक त्याच्या बराच आधी डळमळू शकतो.

५. व्होल्टेज जोराच्या कामात खाली जातं का ते बघा. बायोसमध्ये १.३० लिहिलं, तरी पूर्ण भार आल्यावर ते त्याहून खाली येतं. हे मुद्दाम ठेवलेलं असतं. 'लोड लाइन कॅलिब्रेशन' ही सेटिंग ही घसरण कमी करते. ती मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पातळीला काम संपतानाच्या क्षणी व्होल्टेज उसळून वर जातं आणि ते प्रोसेसरसाठी वाईट.

६. शेवटी रॅम आणि प्रोसेसर दोन्ही सेटिंग एकत्र चालू करा. दोन्ही वेगवेगळे पास झाले, तरी एकत्र नापास होऊ शकतात, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि तोही तापतो. इथे प्राइम९५ चा 'ब्लेंड' टेस्ट किंवा वाय-क्रंचर वापरा. रायझन असेल, तर कोरसायकलरने एकेक कोर वेगळा तपासा.

प्रत्येक टेस्टचा निकाल वहीत लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, मल्टिप्लायर, व्होल्टेज, सगळ्यात जास्त तापमान, पास की नापास. कंटाळवाणं वाटेल, पण तिसऱ्या दिवशी ही वहीच तुम्हाला वाचवते.

वसईचा मे महिना

बहुतेक लोक टेस्ट रात्री करतात, आणि नवा कॉम्प्युटर दिवाळीनंतर किंवा थंडीत घेतलेला असेल, तर थंडीतल्या रात्री करतात. वसई-विरारला जानेवारीत पहाटे पारा १७-१८ अंशांवर उतरतो. मेमध्ये आणि ऑक्टोबर हिटमध्ये दुपारी तोच ३३-३४ च्या आसपास असतो. शेवटच्या मजल्यावरची, स्लॅब तापणारी खोली असेल तर आणखी जास्त.

हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराला प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. लिक्विड कूलर घेतला तरी त्याचा रेडिएटर खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे नियम तोच. २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ वर असेल, तर फरक ५८ चा. खोली ३४ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९२ वर जाईल. सेटिंगमध्ये काहीही न बदलता.

नालासोपाऱ्यातला माझा एक मित्र लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट्स आणून कॉम्प्युटर जोडलेला, सगळे कोर ४.७ वरून ५.० गिगाहर्ट्झवर नेलेले, व्होल्टेज १.३०. जानेवारीत सगळं सुरळीत. मेमध्ये ऐन सीझनला एक्स्पोर्ट ४०-५० मिनिटांनी बंद पडायला लागला. निळा स्क्रीन नाही, फक्त सॉफ्टवेअर बंद. त्याने सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, मग विंडोज नवं टाकलं. फरक शून्य. तिकडे नवरीच्या घरून रोज फोन.

वर दिलेल्या क्रमानेच तपासलं. मूळ सेटिंगवर तीन एक्स्पोर्ट व्यवस्थित झाले, म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष. रॅमच्या प्रोफाइलवर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ, म्हणजे रॅम निर्दोष. मग फक्त ५.० गिगाहर्ट्झ लावून दुपारी तीन वाजता, पंखा चालू आणि एसी बंद ठेवून प्राइम९५ लावलं. विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला एक वर्कर थांबला, तापमान ९३. पुन्हा लावलं, पुन्हा तोच वर्कर. सगळे कोर ठीक होते, एक कोर त्या तापमानाला वेळेत उत्तर देत नव्हता.

व्होल्टेज वाढवायला तापमानात जागाच नव्हती. म्हणून वेग ४.८ वर आणला आणि व्होल्टेज १.२२ पर्यंत खाली गेलं तरी टेस्ट पास झाली. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर धूळ आणि दमट हवा मिळून चक्क नमदा तयार झाला होता, तोही काढला. समुद्रकाठच्या हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते. महिन्यातून एकदा जाळी ब्रशने साफ करा आणि कॅबिनेट भिंतीला खेटून ठेवू नका.

म्हणून माझा नियम असा: शेवटची टेस्ट खोलीच्या सगळ्यात वाईट वेळी, दुपारी, एसीशिवाय करा. थंडीत टेस्ट करत असाल, तर आलेल्या तापमानात १५ अंश मिळवून बघा. तो आकडा मर्यादेच्या जवळ जात असेल, तर ती सेटिंग मे महिन्यासाठी नाही.

दोष प्रोसेसरचा की विजेचा?

पावसाळ्यात आपल्याकडे वीज मिचकावते. दिवे क्षणभर मंद होतात आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. ओव्हरक्लॉक केलेला असला की संशय लगेच त्यावर जातो. पण कारण वेगळं असू शकतं.

चांगला एसएमपीएस पूर्ण भाराला वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर 'नॉर्मल' मोडवर असेल, तर त्याला बॅटरीवर यायला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा बदलायचा स्विच असतो. कॉम्प्युटर त्यावर असेल, तर तो यूपीएसवर ठेवा. ओव्हरक्लॉक केल्यावर प्रोसेसर जास्त वीज ओढतो, त्यामुळे एसएमपीएसचा तग धरायचा वेळही कमी होतो.

तपासायची सोपी रीत: मूळ सेटिंगवरही वीज मिचकावताना रीस्टार्ट होत असेल, तर प्रोसेसर सोडा आणि यूपीएसकडे बघा. फक्त प्रोसेसरची टेस्ट ठीक, फक्त ग्राफिक्स कार्डची टेस्ट ठीक, पण दोन्ही एकत्र लावल्यावर क्षणात बंद, असं होत असेल तर एसएमपीएस कमी पडतोय. त्याआधी प्रोसेसरची ४+४ पिनची केबल घट्ट बसली आहे का आणि एक्स्टेन्शन बोर्डचा सॉकेट सैल नाही ना, हे पाहा. अर्थिंग मात्र स्वतः तपासायला जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढं करून मिळतं काय?

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. ५० टक्के वेग जवळजवळ फुकटात. ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती त्या काळातली आहे. आज प्रोसेसर कारखान्यातूनच स्वतःला मर्यादेजवळ नेऊन ठेवतो. कोअर आय९-१४९००के चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे, पण तो स्वतःहून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आपल्यासाठी वर उरलेली जागा थोडीच असते.

मित्राचाच हिशोब मांडू. ४.७ वरून ५.० वर गेल्याने एक तासाच्या एक्स्पोर्टमध्ये जास्तीत जास्त साडेतीन मिनिटं वाचतात. एकच एक्स्पोर्ट ५० व्या मिनिटाला बंद पडला, तर अशा १४ एक्स्पोर्टमध्ये वाचवलेला वेळ एका फटक्यात गेला. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही, ते वेगळंच.

म्हणून कॉम्प्युटर कोणत्या कामाचा आहे, ते आधी ठरवा. फक्त गेमसाठी असेल आणि मध्ये कधी बंद पडला तर चालत असेल, तर हवे तेवढे प्रयोग करा. त्यातून कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे जेवढं शिकायला मिळतं, तेवढं कॉलेजच्या लॅबमध्येही मिळत नाही. पण त्यावर कुणाचं काम, कुणाचे फोटो किंवा कुणाचे पैसे अवलंबून असतील, तर टेस्ट पास झालेल्या सगळ्यात वरच्या सेटिंगपेक्षा मल्टिप्लायर एक आकडा खाली ठेवा. वेग तसाच ठेवून व्होल्टेज थोडं कमी करून बघणं, हाही आपल्या हवामानात चांगला पर्याय आहे. त्यालाही टेस्टचा हाच क्रम लागू होतो. आणि ऋतू बदलला, बायोस अपडेट केला किंवा रॅम वाढवली, की वही उघडून एकदा तीच टेस्ट परत लावा.